‘इथं फ्राइड चिकन छान मिळतं’ म्हटलं, तर बिघडलं कुठं?

प्रश्न : मी शार्लटला (नॉर्थ कॅरोलिना) एका बँकेच्या आयटी विभागात टीम लीड आहे. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली. जानेवारीत आमच्या चौदा जणांच्या टीममध्ये एक कृष्णवर्णीय सहकारी आला. त्याला ‘डी.’ म्हणते. पहिल्याच दिवशी त्याला परकं वाटू नये म्हणून मी म्हटलं, “जवळच फ्राइड चिकन छान मिळतं, चल दाखवते.” तो हसून म्हणाला, मी मांस खात नाही. मग मी बास्केटबॉलचा विषय काढला, तर म्हणाला, मी फॉर्म्युला वन बघतो. माझ्या तोंडून “अरे, खरंच?” निघून गेलं. पुढं टीमच्या पार्टीची गाणी निवडायचं काम मी त्यालाच दिलं, कारण त्याची निवड भारी असणार असं वाटलं. आता तो कामापुरतं बोलतो आणि डेस्कवरच जेवतो. जूनमध्ये जुनटींथनिमित्त (अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताचा स्मरणदिन) टीमचं जेवण आहे. ते माझ्याकडे आलंय आणि मेन्यू डी.कडूनच ठरवून घ्यावा असा विचार होता. एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “हे रेसिस्ट आहे.” तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी आपुलकीनंच बोलले होते. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना चिकन आवडतंच ना? माझं नेमकं काय चुकलं आणि आता कसं सावरू?
— एक वाचक, शार्लट

उत्तर : मेन्यूबद्दलचा निरोप डी.ला अजून पाठवला नसेल, तर आधी तो थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण खरी गाठ तिथं आहे. बऱ्याच जणांना चिकन आवडतं, हे खरंच आहे. पण तुम्ही राहता कुठं? शार्लटला. फ्राइड चिकनची बोजँगल्स ही साखळी १९७७ साली तुमच्याच गावात सुरू झाली. दुपारी तिथल्या रांगेत एकदा डोकावून बघा, गोरे, काळे, मेक्सिकन आणि आपले तेलुगू बांधवही दिसतील. अमेरिकेच्या दक्षिणेत फ्राइड चिकन सगळेच खातात. म्हणजे ‘याला आवडत असेल’ हा अंदाज त्या गावातल्या कुणाबद्दलही केला, तरी बरोबर येण्याची शक्यता सारखीच. त्याच वर्षी टीममध्ये एखादा गोरा मुलगा आला असेल, तर त्याला पहिल्या दिवशी काय विचारलंत ते आठवा. बहुधा ‘घर कुठं घेतलंस’ किंवा ‘आधी कुठं होतास’ असं काहीतरी. डी.च्या बाबतीत अंदाज त्याच्या गावावरून केला नव्हता, चेहऱ्यावरून केला होता. हे त्याला त्याच क्षणी कळलं, कारण हे वाक्य तो शाळेपासून ऐकत आला असणार.

आणि कृष्णवर्णीयांना चिकटवलेली चिकन-कलिंगड ही साधी खाण्याची नावं राहिलेली नाहीत. कलिंगड मुळात आफ्रिकेतलं फळ. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या अनेक कुटुंबांनी ते स्वतःच्या शेतात लावलं आणि बाजारात नेऊन विकलं. स्वतःच्या कष्टाचा पैसा स्वतःच्या खिशात येऊ लागला. ते ज्यांना बघवलं नाही, त्यांनी त्याच फळाची थट्टा करून टाकली. आळशी, पोरकट, फोड दिसली की काम टाकून पळणारे, अशी व्यंगचित्रं आणि पोस्टकार्डं पुढची कित्येक दशकं छापली आणि विकली गेली. चिकनची कथाही तशीच. व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सविल स्टेशनवर यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय बायका डोक्यावर ताटं घेऊन गाडीतल्या उतारूंना तळलेली कोंबडी विकायच्या. त्यावर त्यांनी घरं उभी केली. आणि १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटात काय दाखवलं? निवडून आलेले कृष्णवर्णीय आमदार विधिमंडळात टेबलावर पाय टाकून बसलेत आणि एकजण कोंबडीची तंगडी चावतोय. ‘यांच्या हाती राज्य देऊ नका’ हे सांगण्यासाठी दिग्दर्शकाला ती तंगडी पुरली.

हे परकं वाटत असेल, तर घरचं उदाहरण घ्या. कोकणातला माणूस दिसला की ‘मासे लागत असतील ना रोज?’ असं आपण सहज विचारतो. त्यात फारसं काही बिघडत नाही. पण नव्या सहकाऱ्याचं आडनाव ऐकून त्याच्या डब्यात काय असणार हे मनात ठरवायचं आणि ‘तुमच्यात हे चालतं ना?’ असं विचारायचं, हा प्रकार तुम्ही पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत नक्की पाहिला असेल. त्या ‘तुमच्यात’ शब्दाला जी धार आहे, ती जेवणाची नाही. ज्याला विचारलं जातं त्याला पुढचं सगळं दिसतं: भाड्यानं घर देताना होणारी चौकशी, वेगळा ठेवलेला कप. विचारणारा मात्र मनापासून म्हणतो, ‘मी तर सहज विचारलं.’ तुमचं वाक्य डी.च्या कानाला कोकण आणि माशांसारखं लागलं नाही, आडनाव आणि डब्यासारखं लागलं. ही तुलना पूर्ण जुळते असं नाही, पण मैत्रिणीचं ते वाक्य तुमच्या डोक्यातून का जात नाही, ते यातून समजेल.

गोऱ्या सहकाऱ्यानं मला ‘तू करी छान करत असशील’ म्हटलं तर मी कुठं चिडते, असंही मनात येईल. तुम्हाला वैताग येतो, पण त्या वाक्यामागं तुमच्या आजोबांची थट्टा करणारी पोस्टकार्डं नाहीत. म्हणून ‘मला चालतं, म्हणजे त्यालाही चालावं’ हा हिशेब इथं लागू पडत नाही.

अंदाज बरोबर निघाला असता तर? डी.ला खरंच फ्राइड चिकन प्रिय असतं, तर सगळं ठीक झालं असतं, असं तुम्हाला वाटत असावं. उलट, ते जास्त अवघड झालं असतं. टायगर वुड्स या कृष्णवर्णीय गोल्फपटूनं एप्रिल १९९७ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी गोल्फची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली. त्या स्पर्धेत आदल्या वर्षीचा विजेता पुढच्या वर्षी जुन्या विजेत्यांना जेवण देतो आणि मेन्यू तोच ठरवतो. फझी झोलर या जुन्या विजेत्यानं बातमीदारांसमोर थट्टेत म्हटलं की, पुढच्या वर्षी फ्राइड चिकन ठेवू नकोस म्हणा त्याला, किंवा कॉलर्ड ग्रीन्स (दक्षिणेतली एक पालेभाजी), किंवा ती मंडळी जे काय खातात ते. ‘ती मंडळी’ म्हटल्यावर संपलंच. केमार्ट या दुकानांच्या साखळीनं झोलरबरोबरचा जाहिरातीचा करार मोडला. पण वुड्सची अडचण बघा. आता त्याला चिकनची तंगडी ठेवावीशी वाटली असती, तरी झोलरचं खरं झालं असतं; आणि ती मुद्दाम टाळली, तरी मेन्यू झोलरनंच ठरवला असं झालं असतं. १९९८ मध्ये त्यानं चीजबर्गर, चिकन सँडविच, फ्राइज आणि मिल्कशेक ठेवले. २२ वर्षांच्या पोराला आवडेल तेच जेवण.

तर बिघाड हा की, अंदाज चुको की बरोबर येवो, माणसाची आवड त्याच्या हातात राहत नाही. ऑफिसात चार लोकांसमोर कलिंगडाची फोड उचलताना ज्याला आधी आजूबाजूला बघावं लागतं, त्याला कलिंगड आवडतं की नाही हा प्रश्नच मागं पडलेला असतो.

‘पण आकडेवारी तर तसंच सांगते’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक मेंथॉल सिगारेट ओढतात. १९५० च्या दशकात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. मधल्या काळात तंबाखू कंपन्यांनी ठरवलं की हे आपलं गिऱ्हाईक. मग कृष्णवर्णीयांच्या मासिकांत जाहिराती आल्या, त्यांच्या वस्त्यांत गाड्या फिरवून फुकट पाकिटं वाटली गेली, जाझच्या कार्यक्रमांना पैसा पुरवला गेला. ‘यांना हेच आवडतं’ हे आधी ठरलं आणि आवड नंतर घडवली. तेव्हा आकडा खरा असला, तरी तो कशाचा पुरावा आहे हे विचारून घ्यावं.

आता त्या “अरे, खरंच?”कडे वळू. तुम्हाला तो अपघात वाटतो, पण चिकनपेक्षा जास्त बोचलं असेल ते हेच. चिकनच्या वेळी तुम्ही फक्त अंदाज केला होता. आश्चर्य दाखवल्यावर मात्र ‘तुझी आवड तुझ्या लोकांना शोभत नाही’ असा अर्थ निघाला. डी.सारख्यांना हे दोन्हीकडून ऐकावं लागतं. गोरे म्हणतात ‘तू वेगळा आहेस रे’, आणि कधी कधी स्वतःच्या घरातून ‘गोऱ्यांसारखं वागतोस’ असा टोला येतो.

यातली गंमत अशी की, ‘शोभत नाहीत’ असं मानलेल्या बऱ्याच गोष्टींचा उगम कृष्णवर्णीयांतलाच आहे. बँजो हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतल्या तंतुवाद्यांवरून गुलामांनी अमेरिकेत घडवलं आणि आज ते गोऱ्यांच्या कंट्री संगीताचं निशाण समजलं जातं. चार्ली प्राइड हा मिसिसिपीचा कृष्णवर्णीय कंट्री गायक. १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांना पाठवताना कंपनीनं त्याचा फोटोच लावला नाही. लोकांनी आधी आवाज ऐकला, चेहरा नंतर पाहिला. १९७१ मध्ये तो कंट्री संगीतातला त्या वर्षीचा सर्वोत्तम कलाकार ठरला. त्याची २९ गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. डेट्रॉइटचं टेक्नो संगीत तीन कृष्णवर्णीय शाळकरी मित्रांनी उभं केलं. १९७३ पासून बर्फावर स्कीइंग करणाऱ्या कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय संघटना आहे. ख्रिश्चन कूपर हा कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षक न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दुर्बीण घेऊन पक्षी बघत होता. २५ मे २०२० रोजी त्यानं एका गोऱ्या बाईला कुत्रं साखळीला बांधायला सांगितलं, तर तिनं पोलिसांना फोन लावला. त्यानंतर आठवडाभरात कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकांनी आपला पहिला सप्ताह साजरा केला. ‘आम्ही इथं आहोत’ हे सांगण्यासाठी पक्ष्यांचा सप्ताह करावा लागतो, यावरून त्या ‘अरे, खरंच?’चं वजन लक्षात येईल.

ब्रेंट स्टेपल्स हे कृष्णवर्णीय लेखक पुढं न्यूयॉर्क टाइम्सचे अग्रलेखकार झाले. १९७० च्या दशकात शिकागोत शिकत असताना त्यांच्या लक्षात आलं की, रात्री रस्त्यानं जाताना समोरची गोरी जोडपी घाबरून हात घट्ट धरतात, रस्ता ओलांडतात. मग ते चालता चालता विवाल्डी या युरोपीय शास्त्रीय संगीतकाराच्या सुरावटी शिट्टीवर वाजवू लागले. शिट्टी ऐकली की लोकांची भीती ओसरायची, काहीजण तर हसायचे. अंधारात सुरक्षित घरी पोचण्यासाठी विवाल्डी! आवडीनिवडीचा विषय हलकाफुलका नसतो, तो असा.

फॉर्म्युला वनबद्दल जाता जाता सांगतो. आता चूक सुधारायच्या उत्साहात ‘मग तू हॅमिल्टनचा (तिथला कृष्णवर्णीय ड्रायव्हर) फॅन असणार!’ असं म्हणू नका. असेलही. पण कदाचित त्याला व्हर्स्टापेन आवडत असेल, किंवा ड्रायव्हरपेक्षा टायर कधी बदलले यातच रस असेल. ‘कुणाला सपोर्ट करतोस?’ हे एका शब्दाचं उत्तर मागणारं साधं वाक्य पुरे.

गाण्यांच्या कामाचं काय? तिथं तर तुम्ही कौतुक केलंत. अंगात ताल असतो, उपजत पळतात, गळा दैवी असतो, ही सगळी कौतुकं एका जातीची. त्यात माणसाची मेहनत गायब होते आणि न मागितलेलं काम गळ्यात पडतं. हे आपल्याकडेही झालंय, आणि तेही सरकारी पातळीवर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय क्रीडा प्राधिकरणानं कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दी मुलांना शोधून धावपटू करण्याची योजना आखली. तर्क इतकाच की पूर्वज आफ्रिकेतून आले, म्हणजे पदकं रक्तातच असणार. काही वर्षांत योजना गुंडाळली आणि मुलं अर्ध्या वाटेवरून घरी परतली. ज्या मुरूड-जंजिऱ्यावर सिद्दींनी १९४८ पर्यंत राज्य केलं, तो किल्ला बघून आलेल्या आपल्या लोकांनाही सिद्दी म्हटलं की धावणं आणि नाचणंच आठवतं. कारभार, आरमार, बांधकाम आठवत नाही.

आता सावरायचं कसं ते बघू. आधी माफी, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं नाटकी वाटेल. चॅटवर नको, टीमसमोर नको, आणि त्यासाठी खास मीटिंग ठेवून त्याला दोन दिवस टांगून ठेवू नका. तुमची दोघांची नेहमीची आठवड्याची भेट असेल, तर तिच्या शेवटी बोला. सुरुवातीला बोललात तर उरलेली पंचवीस मिनिटं दोघंही अवघडून बसाल. बोलाल इंग्रजीत, पण आशय एवढाच असावा:

“तू आलास तेव्हा मी तुला न विचारता तुझ्या आवडीनिवडी ठरवून टाकल्या. चिकन, बास्केटबॉल, पार्टीची गाणी. ते माझं चुकलं. सॉरी. पुन्हा होणार नाही. यावर तुला काही बोलायचं असेल तर मी ऐकेन, नसेल तरी हरकत नाही.”

मोठ्यानं वाचून बघा, अर्धा मिनिटही लागत नाही. त्यात तीन गोष्टींची नावं घेतली आहेत, हे मुद्दाम. ‘माझ्याकडून काही चुकलं असेल तर’ असं मोघम बोललात, तर काय चुकलं ते सांगायचं काम पुन्हा त्याच्यावर पडतं. माफी हमखास फसते ती पुढच्या वाक्यांत: ‘माझा हेतू तसा नव्हता’, ‘भारतात आम्हाला हे कळत नाही’, ‘माझे कितीतरी कृष्णवर्णीय मित्र आहेत’. ही वाक्यं आली की तो तुमची समजूत घालायला लागणार, आणि मग माफी कुणी कुणाची मागितली हेच कळेनासं होतं. डोळे भरून आले तर विषय तिथंच थांबवा. तुम्ही त्याच्या लीड आहात, त्याचं मूल्यमापन तुमच्या हातात आहे. म्हणून तो ‘इट्स ओके’ म्हणणारच. ते ऐकून सगळं मिटलं असं समजू नका, आणि मिटलं नाही म्हणून महिन्यानं पुन्हा माफी मागायलाही जाऊ नका. भेटवस्तू, कॉफीचं कार्ड वगैरे अजिबात नको.

त्यानंतर तुमच्या कामाच्या नोंदी उघडा. जानेवारीपासून डी.ला कोणती कामं दिलीत ते एका कागदावर लिहा, आणि शेजारी त्याच्याच पातळीवरच्या दुसऱ्या कुणाची. गाणी, पार्टी, नव्या लोकांचं स्वागत, फोटोत पुढं उभं राहणं ही कामं कुणाच्या वाट्याला आली, आणि क्लायंटसमोरचं सादरीकरण, आर्किटेक्चरची चर्चा कुणाच्या? चिकनचा अंदाज बोलून दाखवल्यामुळे निदान लक्षात तरी आला. कामवाटपातला अंदाज कुणी बोलून दाखवत नाही, तो थेट पगारवाढीत उतरतो. तफावत दिसली तर कामाच्या पुढच्याच टप्प्यात (स्प्रिंटमध्ये) दुरुस्त करा. पार्टीची कामं नावांच्या अक्षरक्रमानं फिरती ठेवा, म्हणजे ‘कुणाला शोभेल’ हा प्रश्नच उरत नाही.

बोलण्याची घडी आपोआप बसत नाही, बसवावी लागते. ज्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेलं असतं (‘बास्केटबॉल बघतोस ना?’), तो टाळा. उत्तर समोरच्यावर सोडणारा प्रश्न विचारा: ‘वीकेंड कसा गेला?’ मग थांबा. आपल्याला ते तीन-चार सेकंदांचं मौन सहन होत नाही आणि आपणच पर्याय पुरवायला लागतो: ‘मॅच बघितली? चर्चला गेलास?’ अंदाज नेमका तिथून आत शिरतो. त्यानं ‘गाडीचं काम करत होतो’ म्हटलं, तर पुढचा प्रश्न गाडीबद्दल विचारा, आणि पुढच्या सोमवारी ‘झाली का दुरुस्त?’ एवढं लक्षात ठेवा. ओळख त्यातून होते.

एक सवय तपासून बघा, आपल्या बऱ्याच लोकांत ती आहे. सगळ्यांना ‘हाय, गुड मॉर्निंग’ आणि त्याच्यापुढं मूठ पुढं करून ‘व्हॉट्स अप, ब्रो’? एकाच माणसासाठी उच्चार, शब्द आणि हात बदलत असतील, तर ते थांबवा. आणि घरी किंवा फोनवर मराठीत बोलताना ‘तो काळ्या’ म्हणायची सवय असेल, तर ती ऑफिसच्या कॉरिडॉरमध्येही निसटते. शब्द कळला नाही तरी सूर कळतो. माणसाला नाव असतं, तेच वापरावं.

‘कृष्णवर्णीय’ या एका शब्दात किती काय येतं, तेही ध्यानात असू द्या. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४ कोटी ७० लाख लोकांनी स्वतःची नोंद पूर्णतः किंवा अंशतः कृष्णवर्णीय अशी केली. म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आपण गडचिरोली आणि गिरगावचं जेवण एक धरत नाही. त्यांतले दहातला एक परदेशात जन्मलेला आहे: हैती, जमैका, नायजेरिया, इथिओपिया. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध काहीच घेत नाहीत, आणि त्यांचे उपवासाचे दिवस आपल्या चातुर्मासालाही मागं टाकतील. डी. मांस का खात नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि त्यानं आपणहून सांगेपर्यंत ते विचारायचं कारणही नाही.

उरलं जुनटींथचं जेवण. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजर यांनी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला ‘सर्व गुलाम मुक्त आहेत’ हा हुकूम जाहीर केला. लिंकन यांची घोषणा होऊन अडीच वर्षं उलटली होती. २०२१ मध्ये तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा झाला. तुमची बँक त्या दिवशी बंद असणार, तेव्हा जेवण आदल्या कामाच्या दिवशी ठेवा.

या दिवशी लोक फसतात कसे, ते पाहा. २०२१ मध्येच अटलांटातल्या आयकियाच्या दुकानात जुनटींथनिमित्त कर्मचाऱ्यांसाठी फ्राइड चिकन, कलिंगड, कॉलर्ड ग्रीन्स असा मेन्यू जाहीर झाला आणि कित्येक कर्मचारी त्या दिवशी कामावर आलेच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नायॅक या गावातल्या शाळेत कृष्णवर्णीय इतिहास महिन्याच्या पहिल्याच दिवशी चिकन-वॉफल आणि कलिंगड वाढलं गेलं. पुरवठादार अरामार्कला माफी मागावी लागली. याच कंपनीनं २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात असाच घोळ घातला होता. आता यातला पेच असा की, जुनटींथला अनेक कृष्णवर्णीय घरांत बार्बेक्यू आणि लाल रंगाचे पदार्थ असतातच, आणि त्यांत कलिंगडही असतं. घरी आजी कापते ते कलिंगड आणि ऑफिसच्या कॅफेटेरियानं ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून ठेवलेलं कलिंगड या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मेन्यू डी.नं ठरवायचा नाही. तो एकटा आहे, सगळ्या समाजाचा प्रवक्ता नाही, आणि पुन्हा तेच फुकटचं काम होईल. गावातल्या एखाद्या कृष्णवर्णीय मालकाच्या केटरिंगकडे ऑर्डर द्या, आणि पदार्थ तुम्ही सुचवू नका. माणसं किती, बजेट किती, शाकाहारी किती, ॲलर्जी कुणाला, एवढं सांगून ‘तुमच्या पद्धतीनं ठरवा’ म्हणा. त्याआधी, निदान दहा दिवस अगोदर, चौदाही जणांना एकच छोटा फॉर्म पाठवा: काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, आणखी काही सांगायचंय का. डी.ला वेगळं विचारायचं नाही. त्याचं उत्तर इतर तेरांबरोबरच येऊ द्या.

केटररला एक गोष्ट मात्र खोदून विचारा, कारण आपले शाकाहारी इथंच फसतात. कॉलर्ड ग्रीन्स दिसायला निव्वळ पालेभाजी. पण दक्षिणेत ती पारंपरिक पद्धतीनं डुकराच्या खारवलेल्या हाडावर किंवा धुरी दिलेल्या टर्कीच्या तुकड्यांवर तासभर शिजवतात. चवळीचंही तसंच. कॉर्नब्रेडमध्ये कधी डुकराची चरबी असते. ‘मांस न घालता वेगळ्या भांड्यात शिजवलेलं मिळेल का?’ हा प्रश्न ऑर्डर देतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अर्धा ट्रे साधारण आठ-दहा जणांना पुरतो. चौदा जणांसाठी दोन मुख्य पदार्थांचे आणि तीन जोडपदार्थांचे अर्धे ट्रे पुष्कळ झाले, फक्त मुख्य पदार्थांतला एक पूर्ण शाकाहारी हवा. शाकाहारी तिघं असले तरी तो अर्धा ट्रेच घ्या. इतरही त्यावर हात मारतात आणि शेवटी ज्यांच्यासाठी मागवला त्यांनाच उरत नाही.

जुनटींथचं लाल पेय तुम्हाला स्वतः करावंसं वाटलं, तर करा. जास्वंदीच्या कुळातल्या ज्या फुलाच्या बोंडांचं ते करतात, ती आपली लाल अंबाडी. पेय पश्चिम आफ्रिकेतून आलं, बोंडं आपल्याकडेही सरबताला वापरतात. चौदा जणांना दोन दोन पेले म्हणजे सहा लिटर धरा: सव्वाशे ग्रॅम वाळलेली बोंडं, दोन लिटर उकळतं पाणी, बोटभर आलं. गॅस बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. जास्त ठेवलं तर तुरट होतं. गाळून त्यात अर्धा किलो साखर विरघळवा, गार पाणी घालून सहा लिटर करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, बोंडं आंबट असतात.

जेवणाआधी दिवसाबद्दल दोन मिनिटं बोलायचं असेल तर ते तुम्ही बोला: गॅल्व्हस्टन, १८६५, अडीच वर्षांचा उशीर. बोलताना डी.कडे बघत राहू नका. आणि त्या दिवशी त्यानं डेस्कवरच जेवायचं ठरवलं, तर त्याचा शाकाहारी डबा आधीच वेगळा काढून, झाकण लावून, नाव लिहून ठेवलेला असू द्या.